कुणाला वाचू द्यायचं, कुणाला लिहू

बाई, आता ही कॉम्प्युटरं तुझ्या हवाली. काउंटरवरची दोन विंडोजची, मागच्या खोलीतला लिनक्सचा डबा ज्यावर सगळ्यांचा सामायिक फोल्डर आहे, आणि तू पुण्याहून आणलेला मॅक. प्रिंटरचा कागद अडकला, यूपीएसची बॅटरी बसली, हे तुला बघून बघून येईल. मी सांगणार ते परमिशनचं. कारण किल्लारीपासून औशापर्यंत आणि तिकडं उमरग्यापर्यंत मी एकच पद्धत बघत आलोय. "मामा, फाइल उघडना झालीय" असा आवाज आला की कुणीतरी सगळ्यांना सगळं देऊन मोकळं होतं. गिऱ्हाईक मार्गी लागतं, आणि उघडं पडलेलं नंतर कुणी झाकत नाही.

मशीन नाही म्हणालं तर आधी तो नकार नीट वाच. लिनक्सवर "परमिशन डिनाइड" आणि "ऑपरेशन नॉट परमिटेड" हे दोन वेगळे नकार आहेत. पहिला बहुतेक वेळा साध्या परवानगीचा असतो: वाचायची, लिहायची किंवा फोल्डरातून पुढं जायची मुभा नाही. दुसरा म्हणजे हे काम करायचा तुला अधिकारच नाही, मग फाइलीवरची अक्षरं काही का असेनात. दुसऱ्याच्या फाइलीची परमिशन बदलायला गेलीस तर हाच येतो. दोन्हीला एकच औषध देणारे बरेच आहेत.

मग बघ की तू कोण आहेस. ऐकायला येडपट वाटतं, पण निम्मे घोळ इथंच मिटतात. लिनक्सवर "आयडी" एवढंच टाइप केलं की तुझं नाव, नंबर आणि तू कोणकोणत्या ग्रुपात आहेस ते एका ओळीत येतं. विंडोजवर "हूॲमआय /ग्रुप्स". आणि एक ध्यानात ठेव, यापायी लोकांची अख्खी दुपार गेलेली मी बघितलीय: कुणाला नव्या ग्रुपात घातलंस तर त्याला लॉगआउट करून परत लॉगिन करायला लाव. ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळी हातात पडते, लिनक्सवर आणि विंडोजवरही. आधीपासून लॉगिन असलेल्या माणसाला नव्या ग्रुपाचा पत्ताच नसतो, आणि तू मात्र सेटिंगं उलटीपालटी करत बसतेस.

त्यानंतर "एलएस -एल". पहिलं अक्षर प्रकाराचं, डी असेल तर फोल्डर, नुसती आडवी रेघ असेल तर फाइल. पुढं तीन-तीन अक्षरांचे तीन गट: मालक, ग्रुप, बाकी सगळे. आर वाचायला, डब्ल्यू लिहायला, एक्स चालवायला. आकड्यांत ४, २ आणि १. म्हणजे ६४० ला मालक वाचतो-लिहितो, ग्रुप नुसता वाचतो, बाकीच्यांना काही नाही. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स बांधलं त्या १९७० च्या दशकातली ही नऊ अक्षरं. आज तुझ्या मॅकमध्येही तीच आहेत.

यात एक गोम आहे. युनिक्स या तीन गटांची बेरीज करत नाही. तू मालक असशील तर फक्त मालकाची तीन अक्षरं बघितली जातात आणि तिथंच निकाल लागतो. मालकाला वाचायची परवानगी नाही आणि बाकी सगळ्यांना आहे, अशी फाइल करून बघ. गावानं वाचली तरी तुला वाचता यायची नाही. विंडोजचा हिशेब वेगळा. तिथं तुझ्या नावानं मिळालेलं, तुझ्या प्रत्येक ग्रुपाला मिळालेलं, सगळं एकत्र होतं, आणि कुठं "डिनाय" लिहिलेलं असेल तर ते वरचढ ठरतं. त्यातही त्या फाइलीवरच थेट लिहिलेलं "अलाव" हे वरच्या फोल्डरातून उतरलेल्या "डिनाय"ला मागं टाकतं. म्हणून माझं ऐक, डिनायला हातच लावू नको. "यूजर्स" या ग्रुपाला डिनाय दिलंस तर त्या ग्रुपात तूही असतेस, आणि ॲडमिन असून बाहेर उभी राहतेस. एखाद्याला द्यायचं नाही तर यादीतून त्याचं नाव काढ. नाव नसणं हाच पुरेसा नकार आहे.

आता वाट. फाइलीवर सगळं ठीक दिसतं तरी उघडत नाही, तेव्हा ती ज्या ज्या फोल्डरांतून जाते ते बघ. जुन्या किल्लारीतल्या दगडी वाड्यांत माजघराचं दार सताड उघडं असलं तरी दिंडीला आतून कडी असली की माणूस रस्त्यावरच. लिनक्सवर फोल्डराचा एक्स म्हणजे ती कडी. फोल्डराला आर असून एक्स नसेल तर आतली नावं दिसतात, हाती काही लागत नाही. एक्स असून आर नसेल तर यादी दिसत नाही, पण नाव माहीत असणाऱ्याला फाइल उघडता येते. "नेमआय -एल" आणि पुढं पूर्ण पत्ता दिलास तर मुळापासून शेवटपर्यंतच्या प्रत्येक पायरीची परमिशन एकाखाली एक येते, कुठं अडलंय ते लगेच दिसतं. उबुंटूनं २१.०४ पासून नव्या वापरणाऱ्यांचं होम फोल्डर ७५० वर आणलं, म्हणजे बाहेरच्याला आत पाऊल नाही. जुन्या सवयीनं होममध्ये ठेवलेली फाइल दुसऱ्या वापरणाऱ्याला किंवा वेब सर्व्हरला मिळत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

विंडोज इथंही उलटं वागतं. "बायपास ट्रॅव्हर्स चेकिंग" नावाचा हक्क तिथं मुळातच सगळ्यांना दिलेला असतो. म्हणजे वरचा फोल्डर बंद असला तरी आतल्या फाइलीवर परवानगी असेल आणि पूर्ण पत्ता ठाऊक असेल तर ती सरळ उघडते. विंडोजवर नुसता वरचा फोल्डर बंद करून निर्धास्त झोपू नको. खालपर्यंत काय उतरलंय ते बघ.

पुसण्याबद्दल तर भल्याभल्यांचा गैरसमज असतो. लिनक्सवर फाइल पुसायची परवानगी फाइलीवर नसतेच, ती फोल्डरावर असते. फाइल ४४४ करून ठेवली, कुणालाच लिहिता येत नाही, तरी फोल्डरात लिहायची मुभा असलेला माणूस ती उडवू शकतो आणि त्याच नावाची दुसरी आणून ठेवू शकतो. नावांची यादी फोल्डराची, आणि नाव खोडणं म्हणजे फोल्डरात लिहिणं. म्हणून तर टेम्प फोल्डर १७७७ असतो. तो पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट. फोल्डर सगळ्यांचा, पण ज्याची फाइल त्यानंच पुसायची (नाहीतर फोल्डराच्या मालकानं, नाहीतर रूटनं, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्यानं). विंडोजवर फाइल पुसायला दोन वाटा आहेत: फाइलीवरच "डिलीट"चा हक्क, किंवा वरच्या फोल्डरावर "डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स"चा. वरच्या फोल्डरावर "फुल कंट्रोल" दिलंस की दुसरी वाट आपोआप खुली होते, आणि म्हणून "मी त्या फाइलीचं डिलीट काढलं होतं" या वाक्याला अर्थ उरत नाही. नेहमीच्या कामाला "मॉडिफाय" भरपूर झालं.

वाचणं आणि लिहिणं यातला फरक आपल्या गावाला शिकवावा लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आपल्यासकट लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्यानं वसवावी लागली. नव्या गावात कुणाला केवढं घर, हे जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याच्यावर ७५०. म्हणजे कागदावरच्या एका आकड्यानं घराच्या भिंती पुढं-मागं व्हायच्या. अशी यादी चावडीवर लावावीच लागते, सगळ्यांनी वाचावीच लागते. पण तिच्यात पेन चालवणारा हात एकच असला पाहिजे, आणि तो कुणाचा हे गावाला माहीत असलं पाहिजे. आजचा सातबारा बघ. मोबाइलवर कुणीही कुणाचाही बघू शकतो. बदल मात्र फेरफारानंच, तलाठ्यानं नोंद धरायची, नोटीस काढायची, हरकत ऐकायची आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित करायची. नोंद धरणारा आणि मंजूर करणारा वेगळा, ही व्यवस्था आर-डब्ल्यू-एक्सनं होत नाही, त्याला तसा प्रोग्राम लागतो. पण वाचणारे पुष्कळ आणि लिहिणारे मोजके, एवढं तर तुझ्या मागच्या खोलीतल्या डब्यावर आजही होतं.

ते कसं, बघ. सामायिक फोल्डरासाठी एक ग्रुप काढ, समज "काउंटर". फोल्डराचा ग्रुप तो कर आणि परमिशन २७७० दे. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यानं आत जे काही नवीन होईल त्याचा ग्रुप आपोआप "काउंटर"च राहतो, करणाऱ्याचा स्वतःचा ग्रुप लागत नाही. आतले नवे फोल्डरही हा २ घेऊनच जन्मतात. इथपर्यंत सगळे करतात आणि इथंच थांबतात. मग एकानं केलेली फाइल दुसऱ्याला नुसती वाचता येते आणि भांडणं लागतात. कारण यूमास्क. नवी फाइल होताना काय काय काढून टाकायचं ते यूमास्क सांगतो. ०२२ असेल तर ग्रुपाचं लिहिणं जातं. त्या लोकांसाठी ००७ कर, म्हणजे ग्रुपाचं सगळं राहील आणि बाहेरच्यांचं सगळं जाईल. विंडोजच्या काउंटरवरून सांबामार्फत, म्हणजे लिनक्सचा फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्राममार्फत, फाइली येत असतील तर यूमास्कवर विसंबू नको, सांबाच्या सेटिंगमध्येच "फोर्स ग्रुप", "क्रिएट मास्क ०६६०" आणि "डिरेक्टरी मास्क ०७७०" लिहून ठेव.

ग्रुपानं भागत नसेल, म्हणजे काउंटरवाल्यांनी लिहायचं, हिशेबनिसानं नुसतं वाचायचं आणि बाकी कुणी नाही, असं असेल तर एसीएल वापर. "सेटएफएसीएल"नं नाव घेऊन परवानगी देता येते. "डिफॉल्ट" एसीएल लावलास तर तो नव्या फाइलींनाही लागतो आणि तिथं यूमास्क बाजूला राहतो. एसीएल लागलेल्या फाइलीच्या अक्षरांपुढं अधिकचं चिन्ह दिसतं. ते दिसलं की नुसत्या "एलएस"वर विश्वास ठेवू नको, "गेटएफएसीएल" करून बघ. कारण एसीएल असताना मधली तीन अक्षरं ग्रुपाची राहत नाहीत, ती मास्कची होतात. कुणी सवयीनं "चमॉड"नं, म्हणजे परमिशन बदलायच्या हुकुमानं, ग्रुपाचं लिहिणं काढलं की मास्क आक्रसतो, आणि नाव घेऊन दिलेल्या सगळ्यांचंच लिहिणं एका फटक्यात जातं. यादीत नाव आहे, पुढं डब्ल्यूही आहे, तरी लिहिता येत नाही, असं दिसलं तर मास्कची ओळ बघ.

आता ७७७. "चमॉड -आर ७७७" हा मंत्र तुला कुणी ना कुणी देईल, व्हिडिओतसुद्धा देतात. एकतर त्यानं ज्याला द्यायचं होतं त्याच्यासोबत त्या मशीनवरच्या प्रत्येक वापरणाऱ्याला आणि प्रत्येक प्रोग्रामला लिहायची मुभा मिळते, वेब सर्व्हरमधून कुणी घुसलं तर त्यालाही. आणि गंमत म्हणजे त्यानं बरंच काही बंदही पडतं. दुरून लॉगिन करायच्या एसएसएचची खासगी किल्ली बाकीच्यांना वाचता येतेय असं दिसलं की एसएसएच तिला हात लावत नाही, "अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल" म्हणून मोठी चौकट काढतं. तिला ६०० लागतं. चुकून सिस्टिमच्या फोल्डरांवर चाललं तर रूटच्या अधिकारानं काम करू देणारं सुडो मरतं, कारण सुडोच्या फाइलीवर सेटयूआयडी बिट लागतो आणि ७७७ तो पुसून टाकतं. सेटयूआयडी म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नाही, तर फाइलीच्या मालकाच्या अधिकारानं चालणं. साधा माणूस स्वतःचा पासवर्ड बदलतो, आणि पासवर्डांच्या फाइलीत लिहायचा अधिकार तर फक्त रूटला, ते या एका बिटामुळं जमतं. डेनिस रिचीच्या नावावर त्याचं पेटंट निघालं होतं, १९७९ साली. आणि सुडो मेलं की दुरुस्तीला लागणारा अधिकारही त्याच्याबरोबर गेला. मग पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करणं आलं.

फोल्डर आणि फाइली एकाच दमात सुधारायच्या तर चमॉडमध्ये मोठा एक्स वापर. तो फोल्डरांना एक्स देतो आणि साध्या फाइलींना देत नाही. पण ज्या फाइलीवर आधीच कुणाचा तरी एक्स आहे तिला तो देतोच. ७७७ फिरून गेलं असेल तर प्रत्येक फाइलीवर एक्स चढलेला असतो, आणि मग या युक्तीनं काही उतरत नाही. तेव्हा "फाइंड"नं फोल्डर वेगळे काढून त्यांना ७७० आणि फाइली वेगळ्या काढून त्यांना ६६० दे.

आणि असं काहीही मोठं बदलण्याआधी जुनं जे आहे ते लिहून ठेव. हे फार कमी लोक करतात, आणि सगळ्या कानमंत्रांत मला हाच जास्त किमती वाटतो. लिनक्सवर "गेटएफएसीएल -आर" करून निकाल एका फाइलीत साठव. बिघडलं तर "सेटएफएसीएल --रिस्टोअर"नं सगळं जसंच्या तसं परत येतं. विंडोजवर "आयकॅकल्स"ला "/सेव्ह" आणि "/रिस्टोअर" आहे. कधी सगळं झाल्यावर लोक मला बोलवतात आणि विचारतात, आधी काय होतं? ते मशीनला माहीत नसतं. बॅकअप वेगळा, त्यात फाइलीतला मजकूर असतो. साधी कॉपी करून घेतलेल्या बॅकअपात परमिशनी बहुतेक वेळा नसतातच.

काउंटरच्या विंडोजकडं ये. तिथला "डाउनलोड्स" फोल्डर उघडून बघ. कुणाचं आधार, कुणाचं बँक पासबुक, जातीचा दाखला, पीक विम्याची पावती, स्कॅन करून अपलोड केली आणि तिथंच राहिली. नाव "स्कॅन ०००१", "नवीन नवीन फायनल". आणि लॉगिन एकच, "ॲडमिन", पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा बाजूला ठेव, पण शेजारच्या बाईचं पासबुक कुणाच्याही नजरेला पडू नये एवढं तरी आपल्याकडून झालं पाहिजे. प्रत्येकाला वेगळं लॉगिन दे, आणि ते "स्टँडर्ड" दे, ॲडमिन नको. ॲडमिनचा पासवर्ड तुझ्याकडं. प्रत्येकाची कागदपत्रं त्याच्या त्याच्या खात्यात राहतात, साधा वापरणारा दुसऱ्याच्या खात्यात डोकावू शकत नाही. काम झालं की दिवसाअखेर तो फोल्डर रिकामा करायची सवय मात्र परमिशननं लागत नाही, ती तूच लाव.

ॲडमिन म्हणून बसलेली असताना बंद फोल्डर उघडायला गेलीस तर विंडोज विचारतं, "परवानगी नाही, कंटिन्यू करू?" आपण कंटिन्यू दाबतो. वाटतं की तेवढ्यापुरतं उघडलं. तसं नाही. विंडोज त्या फोल्डराच्या यादीत तुझं नाव कायमचं घालून टाकतं. वर्षभरानं यादी बघितली की कुणाकुणाची नावं निघतात आणि ती कुणी दिली ते कुणालाच सांगता येत नाही.

नेटवर्कवर शेअर केलेल्या फोल्डराला विंडोजवर दोन चाळण्या असतात, शेअरची परमिशन आणि डिस्कवरची एनटीएफएसची. दोन्हींतून जे निघेल तेवढंच मिळतं. एकीकडं फुल आणि दुसरीकडं रीड, तर हाती रीड. लोक एका ठिकाणी सगळं देतात आणि दुसऱ्या ठिकाणी बघतच नाहीत. खात्री करायची तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड यातल्या "इफेक्टिव्ह ॲक्सेस"वर जाऊन माणसाचं नाव टाक, त्याला नक्की काय मिळतं ते तिथं दिसतं. आणि फोल्डराच्या प्रॉपर्टीजमध्ये "रीड-ओन्ली"चा चौकोन भरलेला दिसतो, त्याच्यामागं लागू नको. फोल्डरावर त्या चौकोनानं काहीही अडत नाही. कितीही वेळा काढलास तरी तो परत येतो आणि त्यानं काही बिघडतही नाही.

फाइल कॉपी केली की ती नव्या जागेची परमिशन घेते, कट करून त्याच ड्राइव्हवर हलवली की स्वतःची जुनी परमिशन घेऊन येते. लिनक्सवरही साधारण हेच, "सीपी"नं नवी फाइल जन्मते आणि "एमव्ही"नं जुनीच सरकते. आपल्या डेस्कटॉपवरून सामायिक फोल्डरात कुणी कट करून टाकलेली फाइल दुसऱ्याला उघडना होते ती यामुळं. काउंटरच्या पोरांना सांग, कॉपी करा, मग जुनी पुसा.

पेन ड्राइव्हला मालक नाही. एनटीएफएस आलं विंडोज एनटी ३.१ बरोबर, जुलै १९९३ मध्ये, भूकंपाच्या दोन महिने आधी, म्हणून ते साल माझ्या डोक्यात पक्कं आहे. पण बाजारातल्या पेन ड्राइव्हवर फॅट३२ किंवा एक्सफॅट असतं, त्यात मालक, ग्रुप, परवानगी ठेवायला जागाच नाही. कितीही जपलेली फाइल एकदा पेन ड्राइव्हवर गेली की ती ज्याच्या खिशात त्याची. लिनक्सवर असा ड्राइव्ह लावला की सगळ्या फाइलींना एकसारखी परमिशन दिसते, आणि चमॉड करून काही बदलत नाही. ते ड्राइव्ह जोडताना ठरतं. लिनक्सच्या फाइली परमिशनीसकट न्यायच्या असतील तर "टार"मध्ये बांधून ने.

एका लिनक्स मशीनची डिस्क दुसऱ्याला लावलीस तर मालक म्हणून भलत्याचंच नाव दिसेल. घाबरू नको. डिस्कवर नाव नसतं, नंबर असतो. उबुंटूवर पहिल्या वापरणाऱ्याला १००० मिळतो, इथल्या मशीनवरचा पहिलाही १०००, त्यामुळं तिथल्याच्या फाइली इथल्याच्या होतात. विंडोजवर नंबर फार लांबलचक असतो आणि मशीनगणिक वेगळा, म्हणून तिथं "अकाउंट अननोन" येतं. विंडोज नव्यानं टाकल्यावर जुन्या डिस्कवरच्या फाइली उघडत नसतील तर "टेकओन"नं मालकी घे आणि "आयकॅकल्स"नं परवानगी दे, पण फक्त आपल्या कागदपत्रांच्या फोल्डरावर. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांचा मालक "ट्रस्टेड इन्स्टॉलर" असतो, त्याच्याकडून मालकी हिसकावून घेऊ नको. यावरूनच कळेल की डिस्क काढून नेणाऱ्यापुढं परमिशन टिकत नाही, तो स्वतःच्या मशीनवर ॲडमिन असतो. त्याला अडवायचं तर डिस्क कूटबद्ध पाहिजे: विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. आणि त्याची रिकव्हरी की त्याच मशीनवर ठेवू नको.

मॅकचं थोडक्यात. खाली युनिक्स, त्यावर एसीएल, आणि त्यावर ॲपलचा स्वतःचा पहारा. २०१९ च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स या फोल्डरांत शिरायला प्रत्येक प्रोग्रामला तुझी वेगळी मंजुरी लागते. टर्मिनलमध्ये सुडो करूनही "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं तर चमॉड करत बसू नको, सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली "फुल डिस्क ॲक्सेस" बघ. देताना मात्र विचार कर, टर्मिनलला दिलंस की त्यातून चालणाऱ्या सगळ्यालाच दिलंस.

आता वर्षाचं एक काम. मार्चअखेरीला हिशेब मिळवतात तेव्हा हेही उरक. लिनक्सवर "फाइंड"ला "-परम -०००२" देऊन सगळ्यांना लिहिता येणाऱ्या फाइली शोध. साध्या दोन-चार निघतील, त्या का आहेत ते विचार. सेटयूआयडी लागलेल्या शोधायला "-परम -४०००". ती यादी लिहून ठेव, पुढच्या वर्षी एखादी नवी दिसली तर ती कुठून आली ते कळलं पाहिजे. विंडोजवर शेअर केलेल्या फोल्डरांची यादी "नेट शेअर"नं येते, त्यातल्या कुठल्या फोल्डराच्या परमिशनीत "एव्हरीवन" आहे ते बघ.

आणि काउंटरवरचं पोरगं काम सोडून लातूरला गेलं तर त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद कर, पण खातं पुसू नको. पुसलंस की त्याच्या फाइलींवर नुसता नंबर उरतो, आणि लिनक्सवर पुढं नव्या माणसाला तोच नंबर मिळाला तर जुन्याचं सगळं नव्याच्या नावावर चढतं. आधी "चओन"नं त्याच्या फाइली तुझ्या नावावर घे, ग्रुपातून त्याचं नाव काढ, एसएसएचच्या किल्ल्यांच्या यादीतली त्याची ओळ काढ (लॉगिनचा पासवर्ड बंद केला तरी किल्ली चालू राहते, हे पुष्कळांना माहीत नसतं), वायफायचा पासवर्ड बदल. विंडोजवर "डिसेबल" कर. दोन-चार महिने कुणी काही मागितलं नाही, कुठली फाइल अडली नाही, मग खातं पूस.